मास्तर, पोरांना उभं मी केलं

मास्तर,

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. आधी तुमच्यावरचा सांगते. तुम्ही आता उलट बोलू शकत नाही, पण जिवंतपणी तरी कधी बोललात? तेच तर माझं भांडण आहे.

चूक माझी होती. मला ती त्याच दिवशी कळली होती आणि ती मला कळली आहे हे तुम्हालाही कळलं होतं. तुम्ही शाळेच्या दारात उभं राहून ओरडायला हवं होतं. 'बाई, तुमी चुकलात' एवढं चारचौघांत म्हणायला हवं होतं. मी रडले असते, भांडले असते, दोन दिवसांनी तुमच्या घरी येऊन तुमच्या ओटीवर बसले असते. तुम्ही काय केलंत? सहाही क्लॅरिनेटं फडक्यानं पुसलीत, कपाटात ठेवलीत, किल्ली माझ्या टेबलावर ठेवलीत आणि 'येतो' म्हणालात. आपल्याकडे कायमचा निघालेला माणूससुद्धा 'जातो' म्हणत नाही, 'येतो'च म्हणतो. मी फसले. दहा महिने तुम्ही शाळेची पायरी चढला नाहीत. मग श्रावणात एका सकाळी भाताला खत टाकून बांधावर टेकलात ते उठलातच नाही. भांडण असं अर्ध्यात टाकून जायची ही कुठली रीत, मास्तर?

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी तुमच्या आळीत आले होते ती शाळेत न येणाऱ्या पोरांची यादी करायला. हातात सरकारी तक्ता, डोक्यावर छत्री, छत्रीची एक काडी मोडलेली. तुम्ही ओटीवर जुनं लुगडं पसरून त्यावर क्लॅरिनेटं मांडली होती आणि एकेकाला खोबरेल चोळत होता. मुरबाडपासून शहापूरपर्यंतच्या कितीतरी लग्नांत तुमचा बँड वाजलेला, हे मला ऐकून माहीत होतं. काकूंनी मला पाट दिला. म्हणाल्या, "चातुर्मास लागला की लग्नं बंद. मग यांचा हा संसार बाहेर निघतो."

मी सहज म्हटलं, "मास्तर, पंधरा ऑगस्टला आमच्या प्रभातफेरीत वाजवायला याल का?"

तुम्ही वर न बघता म्हणालात, "वाजवायला सगळेच बोलवतात, बाई. शिकवायला बोलवा, येतो."

मला वाटलं गंमत करताय. तुम्ही मान वर केलीत तेव्हा कळलं, की हे वाक्य तुम्ही बरीच वर्षं कुणाला तरी म्हणायचं म्हणून ठेवलं होतं आणि विचारणारंच कुणी आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तुम्ही आलात. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, आणि सायकलच्या कॅरियरला बांधलेली लाकडी पेटी. दोन वर्गखोल्यांची आपली शाळा, पहिली ते पाचवी मिळून पोरं अठ्ठेचाळीस, आणि मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे. मी पोरांना रांगेत बसवलं. मला वाटलं आता सा रे ग म सुरू होणार. तुम्ही पहिल्या पोरापाशी जाऊन म्हणालात, "दात दाखव."

दुसऱ्यालाही तेच, तिसऱ्यालाही. ज्याचे वरचे पुढचे दोन दात नवे, घट्ट आलेले, तो क्लॅरिनेटला. ज्याचे पडलेले, तो ताशाला नाही तर झांजेला. मला हसू आवरेना. तुम्ही गंभीरपणे समजावलंत, "हसू नका, बाई. दात नसले तर फुंक निसटते. मग पोराला वाटतं आपल्यालाच येत नाय. त्याचा दोष नसतो, दाताचा असतो." चौदा वर्षं मी शिकवतेय. पोराला येत नाही तेव्हा त्याचा दोष नसतो, हे मी प्रशिक्षणांत शंभरदा ऐकलं होतं. तोंडात बघून खात्री करून घेणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

तनू तेव्हा दुसरीत होती. समोरच्या दातांत भलीमोठी खिडकी. तुम्ही तिला झांज दिलीत. तिनं ती घेतली, पण डोळे क्लॅरिनेटवर. मग दर शनिवारी पेटी उघडायच्या आधी ती तुमच्यासमोर 'आ' करून उभी. "मास्तर, आला का?" तुम्ही चष्मा वर करून बघायचात. "नाय गो अजून. पुढच्या शनवारी बगू." जसा काही दात तुम्हीच देणार होता! तो आला तेव्हा तिच्या घरच्यांच्या आधी तुम्हाला कळलं.

पहिला महिना पोरांच्या हाती पूर्ण वाद्य आलंच नाही, नुसता तोंडाकडचा तुकडा आणि त्यावर बांधलेली ती बोरूची पातळ पत्ती. शाळेत बदकं शिरल्यासारखा आवाज. पलीकडच्या खोलीत माझा गणिताचा तास चालायचा आणि भागाकार सांगता सांगता मी वैतागून जायचे. तुम्ही फरशीवर खडूनं सहा-सहा गोल काढून ठेवले होते. भरलेला गोल म्हणजे भोक दाबायचं, रिकामा म्हणजे सोडायचं. मधल्या सुट्टीत पोरं पालथी पडून त्या गोलांवर बोटं ठेवायची आणि तोंडानं सूर म्हणायची. त्या गोलांवरून झाडू फिरवायला मी मनाई केली होती, आठवतं?

मग तनूचे वडील आले. शाळा समितीचे अध्यक्ष, वासिंदला कामाला जाणारे, मुलीवर जीव असलेले. माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "बाई, आमची पोरगी काय वाजंत्री व्हायची? आणि एकाचं तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात. उष्टं ते उष्टंच."

तुम्ही दारातच होतात. सगळं ऐकलंत. मला वाटलं, आता तुम्ही पेटी उचलून निघणार. तुम्ही आत आलात आणि पेटीतून फडक्याच्या लहान लहान पुरचुंड्या काढल्यात. प्रत्येकीवर दोऱ्यानं शिवलेलं एकेका पोराचं नाव. "पत्ती ज्याची त्याची, दादा. लाकडाचं तोंड खिचडीच्या चुलीवर पाणी तापवून धुतो. आणि वाजंत्री नाय होणार पोरगी. वाजंत्री व्हायला कुणाची मुलं शिकवायची असती, तर माझी शिकवली असती." तुमचा मुलगा भिवंडीला गोदामात आहे आणि त्यानं वाद्याला कधी हात लावलेला नाही, हे मला नंतर समजलं. तुम्हीच लावू दिला नव्हता.

तुमची एकच अट होती. पोरं बसून वाजवतील. सतरंजीवर, खुर्चीवर, ओट्यावर, कुठेही, पण बसून. आणि ऐकणाराही बसलेला पाहिजे. मी विचारलं, "असं का? उभ्यानं फुंक नीट येते ना?"

"येते की. चांगली येते. आमी उभ्यानंच वाजवला सगळा जन्म. नवरदेव घोड्यावर, वऱ्हाडी खुर्चीवर, नाचणारे नाचत, आणि आमी उभे. जेवायला बोलावणं शेवटी, मांडवाच्या मागच्या अंगाला. कुणी कधी वळून बघितलं नाय की बाबा तू वाजवतोस काय. बाई, यांचं कुणीतरी बसून ऐकू दे."

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही ते घडवलंत. पालक खाली बसले, पोरं समोरच्या ओट्यावर. आधी शाळेची प्रार्थना वाजली, मग तुम्ही पार सावकाश करून बसवलेली ती हळदीची चाल. लग्नात तिच्यावर बायका नाचतात. त्या दिवशी ती इतकी हळू वाजली की मागं बसलेल्या म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून बसल्या. तनूचे वडील पहिल्या रांगेत होते. तुम्ही स्वतः काही वाजवलं नाहीत, भिंतीला टेकून बसलात. मी जवळ आले तर पुटपुटलात, "माझी वाद्यं गावानं आज पयल्यांदा ऐकली." मी तुमच्याकडून काय काय शिकले ते सांगत बसत नाही, पण त्या संध्याकाळी घरी जाताना सापगावच्या पुलावर गाडी थांबवून मी उगाचच दहा मिनिटं नदी बघत उभी होते. नोकरीत असे दिवस मला फार मिळालेले नाहीत. तो तुम्ही दिलात.

आणि मी त्याची काय परतफेड केली?

गेल्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीच्या आधी, तालुक्याहून शिक्षण खात्याच्या साहेबांचा फोन आला. आपल्या रस्त्याचं भूमिपूजन होतं आणि मोठे पाहुणे येणार होते. "बाई, तुमच्या शाळेचा बँड आहे म्हणे. फाट्यावर स्वागताला ठेवा." मी म्हटलं, विचारून सांगते. साहेब म्हणाले, "विचारायचं काय त्यात? शाळा तुमची. पाहुण्यांच्या नजरेत आली की तुमच्या छपराचंही बघता येईल." तिसरी ते पाचवीच्या खोलीचे पत्रे तीन पावसाळे गळत होते. अर्ज करून करून मी थकले होते. मी हो म्हटलं आणि मग तुम्हाला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

तुम्ही पत्ती तासत होता. हात थांबला.

"नका देऊ पोरांना, बाई."

"मास्तर, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. छप्पर होईल."

"उभं करतील."

"खुर्च्या मागते मी."

"फाट्यावर खुर्च्या?" तुम्ही हसलात. ते हसू मला आजही टोचतं. "मी वाजवतो. माझी दोन जुनी माणसं आणतो. तुमच्या सायबाला जेवढा पायजे तेवढा वाजवतो. पोरं नकोत."

मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मलाही प्रत्येक शब्द आठवतो. मी म्हणाले, "त्यांना पोरांचा बँड हवाय, मास्तर. तुमचा नाही."

तुम्ही परत पत्ती तासायला लागलात.

त्या दिवशी दहाची वेळ होती. मी पोरांना साडेनऊलाच फाट्यावर नेलं. पांढरे गणवेश, डोक्याला कागदी तुरे. तुम्ही येणार नाही असं मी धरून चालले होते, पण तुम्ही आधीच येऊन वडाखाली थांबला होता. का आलात? हेही माझं तुमच्याशी भांडण आहे. आला नसतात तर मला निदान तुमच्यावर चिडता आलं असतं. तुम्ही पोरांमागे जाऊन उभे राहिलात आणि एकेकाच्या खांद्याला हात लावून म्हणालात, "सावकाश. दम राखून."

अकरा झाले. साहेबांचा माणूस मोटरसायकलवरून दोनदा येऊन सांगून गेला, "निघालेत, कधीही पोचतील, वाजवत ठेवा." ऑक्टोबरचं ऊन, खडीचा रस्ता. पाण्याच्या बाटल्या संपल्या. झांजवाली दोन लहान पोरं रडकुंडीला आलेली. साडेबारा झाले. मी समोर उभी राहून हातानं खुणावत होते, चालू, चालू. हा हात, मास्तर. याच हातानं मी फळ्यावर सुविचार लिहिते.

तनूची पत्ती कडेनं फाटली होती. ती ओठाला लागत होती. तरी तिनं वाजवणं थांबवलं नाही, कारण माझा हात हलत होता. तिच्या हनुवटीवरून रक्ताचा ओघळ गणवेशावर आला तेव्हा मला वाटलं, कागदी तुऱ्याचा रंग उतरतोय. खरंच वाटलं. तुम्हाला दिसलं. तुम्ही पुढे आलात, तिच्या तोंडातून क्लॅरिनेट अलगद काढलंत आणि आपल्या रुमालानं तिचा ओठ दाबलात. सगळ्यांना म्हणालात, "बसा रे. सगळे खाली बसा." पोरं त्या तापलेल्या खडीवर बसली. मग तुम्ही तनूच्या वाद्याची पत्ती बदललीत आणि पोरांच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, एकटे वाजवायला उभे राहिलात, त्यांना कुणी पुन्हा उठवू नये म्हणून. तुमच्या बरगड्यांचा भाता मला मागून दिसत होता.

गाड्या आल्या दीड वाजता. पाच की सहा. काळ्या काचा. एकही थांबली नाही. पुढच्या वळणावर डीजे लावलेला होता, तिकडे त्यांना घाई होती. शेवटच्या गाडीनं तुम्हाला हॉर्न दिला, बाजूला व्हा म्हणून. तुम्ही एक पाऊल मागे सरलात. सूर तुटला नाही. धूळ खाली बसेपर्यंत तुम्ही ती चाल पुरी केलीत आणि मग वाद्य खाली घेतलंत.

संध्याकाळी साहेबांनी फोनवर सांगितलं, "छान झाला कार्यक्रम." मी म्हटलं, "धन्यवाद, सर."

पत्रे अजून गळतात.

त्यानंतर मी तुम्हाला दोनदा फोन केला. एकदा तुळशीच्या लग्नानंतर, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता सीझन, बाई." ही सबब मला आवडली, कारण खोटी असली तरी सोयीची होती. डीजेवाल्यांनी तुमचा सीझन कधीच खाऊन टाकला होता, हे काय मला माहीत नव्हतं? दुसऱ्यांदा या आषाढात. "लावणी होऊ द्या, मग बगू." मी घरी यायला हवं होतं. शाळेपासून तुमचं घर चालत वीस मिनिटांवर. स्कूटीवर मी त्या रस्त्यानं रोज जाते आणि दहा महिने तुमच्या आळीपाशी आले की वेग वाढवत होते. तनू दर शनिवारी कपाटाकडे बघून विचारायची, "बाई, मास्तर?" मी म्हणायचे, येतील. शेवटी शेवटी तिनं विचारणं सोडलं. पोरगी पाचवीत गेली. तिच्या ओठावर अजून एक बारीकशी रेघ आहे.

तुमची शोकसभा शाळेतच झाली. ती कल्पना साहेबांचीच. तुमचा फोटो मिळाला नाही म्हणून एका लग्नातल्या फोटोतून तुम्हाला कापून मोठं केलं. टोपीवर झगमगती झालर, गालाच्या कडेला कुणाच्या तरी कोपराचा तुकडा. साहेब वीस मिनिटं बोलले. तुम्हाला तीनदा बाळाराम म्हणाले. तुमचं नाव काळूराम, हे त्यांना मागून कुणीतरी सांगितलं तेव्हा म्हणाले, "तेच ते. कलाकाराला नाव नसतं, त्याची कला हेच त्याचं नाव." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, मास्तर! शोकसभेत टाळ्या. पुढे त्यांनी जाहीर केलं, की शाळेत तुमच्या नावाचा संगीत कक्ष होणार. नवीन खोली नव्हे, त्याच गळक्या खोलीला रंग आणि दारावर पाटी. उद्घाटनाला तेच पाहुणे. "आणि गेटवर आपल्या चिमुकल्यांचं बँडपथक त्यांचं स्वागत करील. हीच कैलासवासी मास्तरांना खरी श्रद्धांजली."

मी उठले. मला वाटलं, आता मी बोलणार. माझ्या हातात कागद होता आणि कागदावर आभारप्रदर्शन होतं. मी ते वाचलं. वेळात वेळ काढून आल्याबद्दल साहेबांचे आभार. खुर्च्यांबद्दल मंडळाचे आभार. शेवटच्या रांगेत काकू बसल्या होत्या. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

सभा पांगली. मी सतरंजी गुंडाळत होते. तनू दुसरं टोक धरायला आली. म्हणाली, "बाई, परत उभं राहायचं का?"

एवढंच. आवाजात तक्रारही नाही. पोरं विचारतात ना, उद्या डबा आणायचा का, तसं.

मी म्हटलं, "नाही."

"साहेब बोलले ना पण."

"साहेब बोलले. मी नाही म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या कागदावर लिहून दिलं, की विद्यार्थ्यांना कोणत्याही स्वागतासाठी शाळेबाहेर अथवा प्रवेशद्वारावर उभं केलं जाणार नाही. चार ओळी. दहा महिन्यांपूर्वी लिहिल्या असत्या तर तुम्ही वाचल्या असत्या. समितीची सही लागते म्हणून तनूच्या वडिलांकडे गेले. मनाशी सगळी उत्तरं तयार करून गेले होते. त्यांनी कागद वाचला, दोनदा वाचला. मग म्हणाले, "बाई, त्या दिवशी पोरीचा ओठ फाटला तेव्हा मी समोरून फोटो काढत होतो. फोटोत रक्त दिसतंय. मला तेव्हा नाय दिसलं." आणि सही केली.

साहेबांचा फोन तासाभरात आला. शाळेची पटसंख्या, माझी सेवा, बदलीचे नियम, सगळं त्यांना एकदम आठवलं. मी ऐकून घेतलं. ते म्हणाले, "बघावं लागेल, बाई." मी म्हटलं, "बघा, सर." फोन ठेवल्यावर तो नीट बंद झालाय का ते दोनदा बघितलं. मी काही शूर नाही, तुम्ही ओळखताच. माझ्याकडून लेखी खुलासा मागवला आहे. पाटी रंगवून आली होती, ती परत नेली. पुढे काय होईल ते होईल.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी तुमच्या घरी गेले. यावेळी आळीपाशी वेग वाढवला नाही. काकू ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, नकार, सही, फोन. खरं सांगू? मी शाबासकीला गेले होते. मला वाटत होतं त्या म्हणतील, 'ते असते तर खूश झाले असते.' त्या म्हणतील, 'त्यांच्या मनात तुमच्याबद्दल काही नव्हतं, बाई.' ते ऐकायला मी दहा महिन्यांची आणि वीस मिनिटांची वाट पार करून आले होते.

काकू सुपातले खडे वेचत राहिल्या. मी शेवटी विचारलंच, "काकू, मास्तर रागावले होते का हो माझ्यावर?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई रागावले व्हते. मरंपर्यंत. मेलेल्या माणसाच्या नावानं खोटं कशाला सांगू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पाहिलं आणि पुसा म्हणाल्या नाहीत.

"शाळा सुटल्याची घंटा झाली की रोज ऐकायचे. बोलायचे नाय. मी बोलायची, जावा की एकदा, भांडून या. तर बोलायचे, भांडलो तर बाई माफी मागंल. मग मना परत जावं लागंल. आणि परत सायेबाचा फोन आला तर बाई परत हो बोलंल." खडा बाजूला टाकून त्या म्हणाल्या, "तुमी सायेबाला 'नाय' बोललात, ते बरं केलंत. उशीर केलात."

काय सांगू, मास्तर, मला हलकं वाटलं. तुमचा राग खरा होता आणि तो तुम्ही माझ्यासाठी पुसट करून ठेवला नव्हता. क्षमा मिळाली असती तर मी ती घेऊन घरी गेले असते आणि महिन्याभरात विसरले असते. हा राग विसरता येणार नाही. उद्या दुसरे साहेब येतील, दुसरं छप्पर दाखवतील, तेव्हा तो मला लागेल.

निघताना मी म्हटलं, "कपाटातली वाद्यं आणून देते, काकू. तुमची आहेत."

"इथं आणून काय करू? पोरांना शिकवतं कोण आता?"

"कोणी नाही. मला सा सुद्धा कळत नाही. बाहेरून कुणी मिळतं का बघते, पण..."

त्यांनी सूप खाली ठेवलं. पदर झटकला. "शनवारी पोरांना इथं पाठवा. मना वाजवता नाय येत. पण लग्न झाल्यापासून रोज ऐकते. चुकलं का नाय चुकलं, ते कळतं मना."

परवाच्या शनिवारी मी सहा जणांना घेऊन गेले. काकूंनी ओटी सारवून ठेवली होती. त्या दाराशी माठाची भाजी निवडायला बसल्या, पोरांकडे पाठ करून. म्हणाल्या, तोंडं बघितली की ऐकू येत नाय. तनूनं सुरुवात केली. दहा महिन्यांनी पहिल्यांदा, त्यामुळे फुंक फाटत होती, पण चाल तीच होती, तुम्ही सावकाश बसवलेली. दुसरी ओळ झाली. मला तर छान वाटली. मी टाळी वाजवायला हात उचलला.

काकूंचा भाजी निवडणारा हात थांबला.

"नाय गो," त्या मागे न बघता म्हणाल्या. "तिथं सूर उतरतो. तू चढलीस. परत घे."